अर्ध्या रेसवर कोरलेला चेहरा

औरंगाबादजवळच्या वाळूजमधली माझी कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही बजाजनगरात एका खोलीत राहत होतो. मी पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होतो. गेटवर नोटीस लागली, काही दिवस आम्ही सगळे गेटसमोरच्या लिंबाखाली बसून राहिलो, मग एकेक जण उठून गेला. मीही उठलो. बायकोचा थोरला भाऊ तेव्हा झाडं तोडायच्या कामावर होता. पैठणचा रस्ता रुंद होणार होता आणि बिडकीनच्या अलीकडची-पलीकडची झाडं पाडायचं काम एका ठेकेदाराकडं होतं. मेहुण्याकडं स्वतःची चेनसॉ होती, जोडीला माणूस नव्हता.

"दाजी, या माझ्यासंगं," तो म्हणाला. "कंपनीसारखं नाय, पण दिवस निघून जातो."

दिवस निघून जायचा हे खरं. वड, चिंच, लिंब अशी झाडं होती, निजामाच्या वेळेस लावलेली, असं म्हातारी माणसं सांगायची. मेहुणा बुंध्यापाशी उभा राहून वर बघायचा, झाडाचा कल कुठं आहे ते ठरवायचा, दोरी ओढून मशीन सुरू करायचा आणि पूर्ण रेस देऊन, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी लाकडात घालायचा. मी दोर धरायचो, फांद्या ओढायचो. मोठं झाड पडायच्या आधी आतून कुरकुर यायची, मग पक्षी उठायचे. बगळ्यांची पिल्लं डांबरावर पडायची. एका चहावालीचं पालच चिंचेच्या सावलीत होतं. तिनं आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. चहाही दिला नाही. झाड आडवं झाल्यावर उन्हात आलेली आपली भांडी ती गोळा करायला लागली, आणि मी दुसरीकडं बघत राहिलो. संध्याकाळी घरी आलो तरी कानातला आवाज थांबलेला नसायचा. बायको काय बोलते ते मला परत विचारावं लागायचं.

आरा मशीनवाले सरळ ओंडके उचलून न्यायचे. गाठींचे, वाकडे तुकडे रस्त्याकडेला पडून राहायचे. एका दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मेहुणा अशाच एका लिंबाच्या तुकड्यापाशी मशीन घेऊन गेला. मला वाटलं, जळण करतोय. पण आवाज वेगळा होता. नेहमीची किंकाळी नव्हती. खालच्या सुरातली गुरगुर होती, मधेच चढणारी, परत उतरणारी. मी उठून जवळ गेलो. ओंडक्याच्या टोकातून एका मेंढ्याचं डोकं वर येत होतं. शिंगांचा पीळ निघाला होता. कपाळावरची लोकर तो पट्टीच्या नाकानं, म्हणजे टोकानं, टोचत होता, सुईनं टाके घालावेत तशी.

ते बघून मी चक्रावलो, कारण तोवर मला मशीनची थोडी समज आली होती. चेनसॉ अर्ध्या रेसवर चालवायची नसते, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. पूर्ण रेस असली की चेन लाकूड कापते. अर्ध्या रेसवर ती लाकडाला धरते आणि मशीनला पुढं ओढून घेते. आत क्लच धड धरत नाही, धड सोडतही नाही. घसरतो, तापतो, जळका वास यायला लागतो. प्लग काळा पडतो. पण नाजूक काम पूर्ण रेसवर होत नाही. मेंढ्याचा डोळा काढायला गेलात आणि रेस जास्त झाली, की डोळ्याच्या जागी खोबण राहते. म्हणून मेहुण्यानं आपली एक मधली वाट काढली होती. मोठी पट्टी उतरवून टोकाला निमुळती, आखूड पट्टी त्यानं चढवली होती. चेनचे दात तो रोज कानशीनं घासायचा. रेसच्या खटक्यावरचं बोट कधी पुरतं दाबायचं नाही, पुरतं सोडायचं नाही. लाकडाला टेकायचं ते निसटतं, आणि चार-सहा वेळा टेकून झालं की मशीन हवेत धरून एकदा मोकळी रेस द्यायची, घसा साफ करावा तशी. पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. त्याच्या हनुवटीवर तशी एक खूण होती. बहिणीला त्यानं ती दाढी करताना लागली म्हणून सांगितलं होतं.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणी नाय. बोटाला कळतं," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात त्यानं एक मेंढी केली आणि आमच्या खोलीवर आणून दिली. बायकोनं ती दारातच खाली ठेवून घेतली.  मग मेंढीच्या एका कानावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊ, ही ती कुत्र्यानं कान फाडलेली."

"व्हय. बाजारात तिला कुणी घेत नव्हतं."

दोघं बहीणभाऊ त्या कानाकडं बघत बसले. मी चहा टाकला.

त्यांचं घर कन्नडच्या पुढं, घाटाच्या माथ्याला. सासरे, त्यांना घरात सगळे आबा म्हणत, जन्मभर मेंढरं राखत आले. पावसाळा सरला की मेंढरांची खांड घेऊन खाली उतरायचे, खतासाठी लोकांच्या वावरात मेंढरं बसवायचे, उन्हाळ्याच्या तोंडी परतायचे. पण चरायच्या जागा एकेक करून गेल्या. माळ नांगरले गेले, ऊस आला, तारेची कुंपणं आली. आबांचे गुडघे धरले. मेहुणा शहराकडं आला, बायकोचं माझ्याशी लग्न झालं, आणि मागं राखणारं कुणी उरलं नाही. कन्नडच्या बाजारात सगळी खांड एका दिवसात गेली. फाटक्या कानाची मेंढी तेवढी राहिली, तीही शेवटी एका खाटकानं नेली.

त्यानंतरही आबा रोज सकाळी घोंगडं खांद्यावर टाकून, काठी घेऊन माळाकडं जायचे. पुढं काही नसायचं. सासू सांगायची, चालताना जिभेनं टिचक्या वाजवतात, मेंढरं हाकल्यासारख्या. एका संध्याकाळी ते बांधाला टेकून बसले आणि उठले नाहीत. शेजारच्या वावरातल्या ऊसतोडीच्या माणसांना वाटलं, म्हातारा डुलकी घेतोय.

त्यांचा धड फोटो नव्हता. मतदान कार्डावर होता, त्यात फेटा आणि मिशी सोडून सगळं काळं. कन्नडच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला तर काळंच मोठं झालं. सासूनं ती फ्रेम भिंतीला लावूच दिली नाही.

"यात तो नाय," ती मुलाला म्हणाली. "तू लाकडाची जनावरं करतो म्हणं. बाप कर."

"माय, माणसाचं मला जमत नाय."

"मेंढरं जमतात. त्यांच्या मागं चालणारा का जमत नाय?"

माळाच्या कडेला, जिथून आबा खांड बाहेर काढायचे, तिथं तिला तो उभा करून हवा होता. मेहुणा वर्षभर टाळत राहिला. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते आमच्या खोलीवर, थंडीच्या एका सकाळी. बायकोनं त्याच्या हातात कपबशी दिली, आणि ती त्यानं हातात धरली आहे असं आम्हा तिघांनाही वाटत असतानाच ती खाली पडली. त्याची बोटं पांढरी पडली होती. टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत, मेणासारखी. बायकोनं ती आपल्या हातात घेऊन चोळली.

"कधीपासून होतंय?"

"थंडीचं होतं तेवढं. ऊन आलं की जातं."

मी त्याला बळंच डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून पाहिली, डोळे मिटायला सांगून कुठं टोचलं ते विचारलं. दोनदा त्याचं उत्तर चुकलं. मशीनच्या हादऱ्यानं शिरा आणि नसा खराब होतात, ते म्हणाले. मशीन आजच सोडलं तर निदान आहे तेवढं राहील. बाहेर आल्यावर मेहुण्याला सोडायला मी स्टँडवर गेलो, तो आईकडं गावी निघाला होता. कन्नडच्या गाडीत बसताना म्हणाला, "बापाचं करून टाकू, दाजी. मग सोडू."

लिंबाचा एक सरळ, जाड बुंधा ठेकेदाराकडून मागून घेतला आणि टेम्पोनं गावी नेला. घरामागं तो उभा केला, तीन बाजूंनी टेकू दिले. मीही जाऊन राहिलो. बायको आली. थंडी कडक होती, त्यामुळं दुपारचं ऊन चढल्याशिवाय मेहुणा मशीनला हात लावायचा नाही. तोवर तो चुलीपुढं बोटं शेकत बसायचा. सासू भाकरी थापता थापता त्याच्या हाताकडं बघायची.

त्यानं पाठीकडून सुरुवात केली. पुढून का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "मी त्यांच्या मागूनच चाललो. तिकडनं मला म्हायती हायेत." आणि खरंच, पाठ सरसर आली. डावा खांदा थोडा खाली, मानेवर फेट्याचं सुटलेलं टोक, घोंगड्याची घडी, काठीवर कलती कंबर. मशीन गुरगुरत होतं, भुशाचा बारीक, कडू वास अंगणभर पसरला होता. सासू परातीत पीठ तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली होती. पिंढऱ्या आल्या, टाचा आल्या. टाचेच्या भेगासुद्धा त्यानं काढल्या. त्या दिवसांत तो जेवायलाही नीट बसला. मला वाटलं, निभावलं.

मग चेहरा घेतला. त्या दुपारी ऊन असूनही वारा गार होता. कपाळ, फेट्याची कड, एक भुवई झाली. कानाकडं वळला आणि गुरगुर एकदम किंकाळीत गेली. क्षणभरच. मशीन बंद झालं तेव्हा कान खाली भुशात पडला होता. मेहुणा खटक्यावरच्या आपल्या बोटाकडं बघत उभा होता.

"दाजी," तो म्हणाला, "बोट कुठं हाय तेच कळंना. दाबलं की नाय दाबलं, कळंना."

बायको धावत आली होती. तिला वाटलं, त्याला लागलं. त्याला लागलं नव्हतं. त्यानं मशीन जमिनीवर ठेवलं आणि घराच्या भिंतीला पाठ लावून बसला. संध्याकाळपर्यंत तो तिथंच बसला होता. सासूनं कान उचलून पदराला पुसला आणि कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तुमी धरा. मी सांगतो."

मी लाकडावर असं काम कधीच केलं नव्हतं. मागच्या काही महिन्यांत टाकाऊ तुकड्यांवर त्यानं मला हात चालवू दिला होता, तेवढंच. मी नाही म्हणालो. मग त्याच्याकडं पाहिलं आणि मशीन उचललं. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो माझ्या मागं उभा राहिला आणि आपला तळवा त्यानं माझ्या खांद्यावर ठेवला. तळव्यात अजून जीव होता. दाबला की रेस वाढवायची, उचलला की कमी करायची, डावीकडं वळवला की डावीकडं. पहिला दिवस मी नुसता घामानं भिजलो. चेन धरायची, मशीन पुढं ओढलं जायचं, क्लचचा जळका वास यायचा आणि तळवा झटकन उचलला जायचा. मग हळूहळू मला ती मधली जागा सापडायला लागली, जिथं मशीन माझ्या हातात नुसतं थरथरत उभं राहतं आणि लाकूड केसासारखं सुटतं. त्याचा तळवा आणि माझं बोट यांच्यात काही अंतर नाही असं वाटायचं. अशा वेळी आम्ही दोघंही खूश असायचो, हे खोटं कशाला बोलू. घरात दुःख होतं आणि अंगणात आम्ही दोघं तोंडाला भुसा फासून हसायचो.

गालफडं आली. नाक आलं, मिशी आली. ज्या बाजूचा कान गेला होता, तिथं फेटा खाली ओढून घेतला. डोळ्यांपाशी तो पुन्हा पुन्हा मला थांबवायचा, पुढं येऊन बघायचा, मान हलवायचा, परत मागं जायचा. त्याला हवं ते त्याच्या तळव्यातून माझ्या खांद्यात उतरत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यानं हात काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. झालं," तो म्हणाला.

सासूला बोलावलं. ती पदर नीट करून आली, देवळात यावं तशी. समोर उभी राहिली. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. ती बराच वेळ बघून म्हणाली, "असं तोंड तो पाव्हणं आल्यावर करायचा."

 ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मी सासऱ्यांना किती वेळा तरी पाहिलं होतं, पण जावई म्हणून. मी दारात आलो की ते फेटा सारखा करायचे, पाय आखडून बसायचे, हळू बोलायचे, मी पाणी प्यायलो का ते विचारायचे. मला तेवढेच माहीत होते. मशीन माझ्या हातात होतं आणि माझ्या हातून तेच आले होते: अदबीनं वागणारे, थोडे अवघडलेले, परक्यापुढचे आबा.

बायको हळूच म्हणाली, "माय, पण आबाच हायेत ना."

"आबाच हायेत," सासू म्हणाली. "पण घरातले नाय."

मग ती लाकडाला वळसा घालून मागं गेली. तिथं तिचा चेहरा बदलला. तिनं हात पुढं केला, त्या उतरत्या खांद्यावर ठेवला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. नवरा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती, असं बायको मला नंतर म्हणाली. मेहुणा उठून घरात गेला.

माळाच्या कडेला तो उभा करायची वेळ आली तेव्हा सासूनं सांगितलं, तोंड डोंगराकडं करा. म्हणजे घरातून बघितलं की पाठ दिसेल. गावातली चार माणसं मदतीला आली होती, त्यातला एक जण म्हणाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड दिसायला नको का? "येणाऱ्या-जाणाऱ्याला काय करायचं हाय," सासू म्हणाली. तसंच केलं. संध्याकाळी दारात बसलं की आबा माळाकडं निघालेले दिसायचे. तिला तेवढं पुरलं. ती रोज तिथंच बसून तांदूळ निवडायची, आणि मधूनच त्या दिशेला मोठ्यानं काहीबाही सांगायची. शेजारणीचं, पावसाचं, ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरनं मोडलेल्या बांधाचं.

मेहुण्यानं मशीन एका शेतकऱ्याला देऊन टाकलं. मी आणखी एक हंगाम दुसऱ्याच्या मशीनवर झाडं पाडली, पूर्ण रेसवर. मग पैठणच्या रस्त्यावर पाडायला झाडंच उरली नाहीत आणि मला वाळूजमध्ये पुन्हा एका कंपनीत काम लागलं. मेहुण्यालाही मी त्याच भागात एका गेटवर वॉचमन म्हणून लावून दिलं. गेट सरकवायचं, गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या. शर्टाची वरची बटणं त्याला लावता यायची नाहीत, म्हणून तो युनिफॉर्मवर बाराही महिने मफलर गुंडाळायचा. लाकडाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. एका ढाबेवाल्यानं गरुड करून मागितला तेव्हा मीच, आम्ही ते काम सोडलं, असं सांगून टाकलं.

सासू गेली त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे गावी होतो. दहावा झाला, पाहुणे पांगले, बायको आणि शेजारच्या बाया घर सारवायला लागल्या. मेहुणा दिसेना म्हणून मी शोधत माळाकडं गेलो. तो आबांच्या पुढ्यात बसला होता. पाठीकडं नाही, तोंडाकडं. त्या बाजूला एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणी फारसं गेलं नव्हतं. उन्हानं लाकूड तडकलं होतं. एक चीर फेट्यातून निघून नाकाच्या कडेनं हनुवटीपर्यंत आली होती, तरी डोळे तसेच होते, पाणी घेणार का असं विचारणारे.

मी त्याच्याजवळ टेकलो.

"चीर भरून घेऊ का? भुसा आन् डिंक लावला तर भरंल," मी म्हणालो.

"नको."

 खाली रस्त्यानं उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

"दाजी, एक इचारू? तुमाला आबा कसे दिसायचे, आठवतं?"

"असेच," मी बोलून गेलो.

तो माझ्यावर रागावला नाही. "मलाबी आता असंच आठवतं," तो म्हणाला. "डोळे मिटून बघतो. घरातले आबा आणायला जातो. शिव्या देणारे, मेंढरू चुकलं म्हणून मला काठीनं हानणारे, मग रात्री दुधात भाकर कुस्करून देणारे. हात दिसतो, काठी दिसते. वर तोंड बघायला गेलो की हे येतं. पहिलं कसं होतं, ते नाय येत."

"बहिणीला विचारा. तिला आठवत असंल."

"इचारलं सकाळी," तो म्हणाला. "ती पण लई वेळ गप बसली."

घराकडून बायकोची हाक आली. औरंगाबादला जाणारी शेवटची गाडी कन्नडच्या स्टँडवर धरायची होती, आणि तिथपर्यंत जीप मिळायला हवी होती. मी उठलो. त्याला उठायला हात दिला. त्याची बोटं माझ्या हातात होती, भर उन्हाळ्यात गार. तो अंगावरची माती झटकून पुढं चालायला लागला, आणि मी त्याच्या मागून निघालो.